अडुसष्टाव्या वर्षी धूळपाटी

आमच्या इमारतीच्या दुसऱ्या मजल्यावर एक बाई राहतात. नगरपालिकेच्या शाळेत त्यांनी एकतीस वर्षे तिसरी-चौथीचे वर्ग शिकवले, त्यामुळे साऱ्या इमारतीला त्या 'बाई'च. या बाई आणि मी २०२३ च्या जानेवारीपासून एकमेकांशी बोलत नव्हतो. जिन्यात गाठ पडली, की त्या हातातली पिशवी या हातातून त्या हातात घेत आणि मी खिशात किल्ल्या शोधू लागे. हा अबोला अडीच वर्षांनी मोडला, तो कॉम्प्युटरमुळे. आणि तोही असले काही माझ्या स्वप्नातसुद्धा नसताना. पण ती हकीकत सांगायची म्हणजे, वयाच्या अडुसष्टाव्या वर्षी मी प्रोग्रॅमिंग नावाची विद्या शिकायला कसा बसलो, हे आधी सांगितले पाहिजे.

मी मूळचा बँकवाला. १९७९ साली एका राष्ट्रीयीकृत बँकेत कारकून म्हणून चिकटलो आणि २०१७ साली अधिकारी म्हणून बाहेर पडलो. मधल्या काळात कॉम्प्युटरशी माझे नाते सासू-सुनेचे होते. रिझर्व्ह बँकेने डॉ. रंगराजन यांच्या अध्यक्षतेखाली नेमलेल्या समितीचा अहवाल १९८४ साली आला आणि बँकांत यंत्रे येणार, अशी वार्ता उठली. आम्ही तरुण मंडळींनी शर्टाला काळ्या फिती लावल्या. एक यंत्र दहा माणसांचा घास काढून घेणार, याबद्दल आमच्या मनात तिळमात्र शंका नव्हती. पुढे लेजर पोस्टिंग मशीन आले, मग टेबलाटेबलावर पडदे आले, सगळ्या शाखा एका तारेत ओवल्या गेल्या. आणि काळ्या फिती लावणारे आम्ही निमूटपणे त्या पडद्यांसमोर जाऊन बसलो. पण बसलो म्हणजे काय? पडदा विचारील ते भरायचे आणि 'एंटर' दाबायचे. टांग्यात बसणाऱ्याला घोडा हाकता येतो असे थोडेच आहे!

निवृत्त झाल्यावर सोसायटीने मला खजिनदार केले. निवृत्त बँकवाल्याची ही ठरलेली गत आहे. अठ्ठावीस बिऱ्हाडे, महिन्याला प्रत्येकी दोन हजारांचे बिल, एक जाड लाल कापडी पाठीचे रजिस्टर आणि मी. हिशेब हाताने लिहिण्यात मला एक प्रकारचा मान वाटे. चेअरमन म्हणत, एखादे सॉफ्टवेअर घेऊन टाकू. मी म्हणे, माझे अक्षर पुसले जात नाही आणि माझे रजिस्टर वीज गेल्यावर बंद पडत नाही.

२०२५ च्या मे महिन्यात आमची नात सुट्टीला आली. नववीची परीक्षा नुकतीच आटोपलेली. मी दुपारी रजिस्टर पसरून बसलो होतो. ती शेजारी आंबा खात उभी राहिली आणि म्हणाली, "आजोबा, हे तुम्ही दर महिन्याला परत परत लिहिता?"

"मग? हिशेब म्हणजे परत परतच लिहायचा असतो."

"एवढं मी सहा ओळींत करीन."

वाचकहो, अडतीस वर्षे ज्याने बॅलन्स जुळवण्यासाठी रात्रीचे नऊ-नऊ वाजवले, त्याला चौदा वर्षांच्या पोरीने आंब्याची कोय चोखत असे सांगावे! मी म्हणालो, "कर पाहू." ती म्हणाली, "मी नाही. तुम्ही करा, मी शिकवते." आमची ही स्वयंपाकघरातून म्हणाली, "अहो, तुम्हांला टीव्हीचा रिमोट चालवताना मला हाक मारावी लागते." या वाक्याने माझा निश्चय पक्का झाला.

मुलाने टाकून दिलेला एक जुना लॅपटॉप माळ्यावर होता. त्यावर नातीने 'पायथन' नावाची भाषा घातली. पैसा लागला नाही. ती फुकट मिळते. नाव ऐकून सौ. दचकली. अजगराशी तिचा काही संबंध नाही. गीडो व्हान रोसम नावाच्या डच गृहस्थाने १९८९ च्या नाताळच्या सुट्टीत ती रचायला घेतली आणि १९९१ साली लोकांना दिली. इंग्लंडच्या टेलिव्हिजनवर 'मॉन्टी पायथन' नावाचा एक चावट विनोदी कार्यक्रम होता, त्यावरून त्याने नाव ठेवले. या भाषेबरोबर लिहिण्यासाठी जी पाटी मिळते तिचे नाव 'आयडल'. निवृत्त माणसाला शोभण्यासारखेच!

पहिल्या दिवशी मी एकच गोष्ट शिकलो. 'प्रिंट' असे इंग्रजीत लिहायचे, कंस करायचा, कंसात अवतरणचिन्हे घालून त्यांत हवे ते लिहायचे. मी 'श्री' लिहिले. कळ दाबली. पडद्यावर 'श्री' उमटले. धूळपाटीवर पंतोजींनी माझ्या आजोबांकडून हेच अक्षर गिरवून घेतले असेल. मला उगाचच बरे वाटले, आणि मी सौ.ला बोलावून दाखवले. ती म्हणाली, "लिहिलंत तेच आलं. यात काय विशेष?"

आता विचार केला म्हणजे वाटते, की त्या विद्येचे मर्म ती त्या एका वाक्यात बोलून गेली. लिहाल तेच येते. आपल्याकडे सांगकाम्याची गोष्ट आहे. सांगितले तेवढेच आणि सांगितले तस्सेच करणारा गडी. कॉम्प्युटर हा पराकोटीचा सांगकाम्या आहे. तो मनाचे काही घालीत नाही, गाळीतही नाही. १८४३ साली, म्हणजे कॉम्प्युटर नावाचे यंत्र जगात नसताना, एडा लव्हलेस नावाच्या एका इंग्रज विदुषीने नेमके हेच लिहून ठेवले होते. चार्ल्स बॅबेजने एका अजस्र गणितयंत्राचा आराखडा केला होता. त्यावरच्या एका फ्रेंच लेखाचे तिने भाषांतर केले आणि मूळ लेखाहून लांब टिपा जोडल्या. त्यांत तिने बजावले, की हे यंत्र स्वतःहून काही निर्माण करणार नाही. आपल्याला जे सांगता येईल तेवढेच ते करील. यंत्र पुरे झालेच नाही, पण त्याला कामे कशी सांगावीत हे ती लिहून गेली. बाईमाणसाने नोकराला कामे सांगण्याचे शास्त्र आधी ओळखावे यात मला तरी नवल वाटत नाही. (हे वाक्य सौ.ने वाचले आहे.)

मग माझ्या फजितीला सुरुवात झाली. दुसऱ्या दिवशी दोन रकमा विचारून त्यांची बेरीज सांगणारा प्रोग्रॅम मी लिहिला. पहिली रक्कम दोन हजार, दुसरी दोन हजार. उत्तर आले : दोन कोटी दोन हजार! मी चष्मा पुसला. उत्तर तेच. नात हसून गडबडा लोळायची बाकी राहिली. झाले होते असे, की 'इनपुट' म्हणून जे काही आपण टाइप करतो, ते हा सांगकाम्या अक्षरे म्हणून घेतो. 'राम' आणि 'राव' यांची बेरीज जशी 'रामराव', तशी '२०००' आणि '२०००' यांची बेरीज '२०००२०००'. ही अक्षरे नसून आकडा आहे, असे त्याला स्पष्ट बजावावे लागते. बँकेत असताना एका खातेदाराने चेकवर अक्षरी रक्कम आणि आकडी रक्कम वेगळी लिहिली म्हणून मी चेक परत केला होता. अक्षर आणि आकडा यांतला हा भेद मला नवा नव्हता. फक्त परत येण्याची पाळी आता माझी होती.

आणखी एक मौज. या भाषेत आपण रकमांना नावे देतो. ती नावे देवनागरीत चालतात. 'व्याज' लिहा, 'बाकी' लिहा, त्याला समजते. मला वाटले, मग आकडेही मराठीत लिहू. तर नाही! ओळीत मराठी बारा लिहिले की तो अडतो. आणि विचारलेल्या जागी मराठी बारा टाइप करून त्याचा आकडा कर म्हटले, तर बिनतक्रार इंग्रजी बारा करून घेतो. दारातून येऊ देत नाही, पण खिडकीतून आलेल्याला पाट मांडतो.

बरोबरीच्या चिन्हाने मला दोन दिवस छळले. नातीने लिहिले : बाकी बरोबर बाकी अधिक दोन हजार. मी म्हणालो, "हे कसं शक्य आहे? दोन्हीकडची बाकी गेली, तर शून्य बरोबर दोन हजार असं झालं." आमच्या शाळेत असे समीकरण फळ्यावर लिहिणाऱ्याला बाकावर उभे करीत. पोरीला समजावून सांगता येईना. शेवटी माझे मलाच सुचले. हे समीकरणच नाही. ही रजिस्टरातली ओळ आहे. मागील बाकी घ्या, तीत बिल मिळवा, आणि येईल ते पुढील बाकी म्हणून त्याच रकान्यात लिहा. 'मागील पानावरून पुढे' हे शब्द मी आयुष्यात किती हजार वेळा लिहिले असतील! त्याचेच हे चिन्ह. ते कळल्यावर मात्र मला प्रथमच वाटले, की हा प्रदेश अगदीच परका नाही.

मग आली फेरी. तेच काम पुन्हा पुन्हा करायचे असेल तर 'फॉर' म्हणून एक आज्ञा द्यायची आणि किती वेळा ते सांगायचे. जे काम फेरीच्या पोटात करायचे, त्या ओळी चार जागा सोडून आत लिहायच्या. अर्जाला समास सोडतात तसा. समास चुकला की काम फेरीबाहेर पडते, नाहीतर सगळेच ठप्प होते. मी एकोणतीसचा पाढा छापायला सांगितला. एकपासून दहापर्यंत म्हणून रेंजच्या कंसात एक आणि दहा लिहिले. पाढा खाली धावत गेला आणि एकोणतीस नवे दोनशे एकसष्टवर थांबला. दाहे नाहीच! या भाषेत शेवटचा आकडा 'इथपर्यंत' नसून 'याच्या अलीकडेपर्यंत' असतो. आणि आरंभ सांगितला नाही तर मोजणी शून्यापासून. शून्य, एक, दोन असे तेवीसपर्यंत मोजले म्हणजे चोवीस झाले. आमच्या गुरुजींनी यावर छडी मोडली असती.

चुका दाखवण्याची याची तऱ्हा मात्र मला आवडली. ओळीच्या शेवटी दोन टिंबे राहिली, की तांबड्या अक्षरांत सांगतो : अमुक ओळीत, अमुक जागी, टिंबे हवी होती. पहिले आठ दिवस ती तांबडी अक्षरे दिसली की माझ्या पोटात ऑडिटर आल्यासारखा गोळा येई. नात म्हणाली, "आजोबा, घाबरू नका, शेवटची ओळ आधी वाचा. बाकीचं नंतर." हा सल्ला शिकाऱ्याने जंगलात द्यावा इतका उपयोगी ठरला. पण जी चूक तो सांगत नाही ती खरी चूक. व्याकरण शुद्ध आहे, यंत्र खुशाल धावते आहे, उत्तरही येते आहे. आणि उत्तर खोटे आहे. तिथे तांबडे अक्षर नाही, काही नाही.

एक उदाहरण सांगतो. पैसे रुपयांत पूर्ण करायला यात एक आज्ञा आहे. मी अडीच दिले, त्याने दोन केले. साडेतीन दिले, त्याने चार केले! मला वाटले, आता सापडला चोर. पण नाही, अर्धा आला की जवळच्या सम आकड्याकडे जायचे, म्हणजे पुष्कळ रकमांच्या बेरजेत एकाच बाजूचा पक्षपात होत नाही, असा तो नियम आहे. आणि त्याचे इंग्रजी नाव काय? 'बँकर्स राउंडिंग'. अडतीस वर्षे बँकेत काढली. हे नाव कधी कानावरून गेले नव्हते.

जूनमध्ये शाळा सुरू झाली आणि नात पुण्याला परत गेली. आता धडे फोनवर, तिच्या अभ्यासानंतर, रात्री साडेनऊला. जाताना तिने गृहपाठ दिला : सोसायटीच्या थकबाकीवरचे व्याज काढा. परीक्षेसाठी उदाहरण कोणाचे घ्यावे? ज्याचा हिशेब मोठा, पुरा आणि मला तोंडपाठ, ते बाईंचे खाते.

ते तोंडपाठ का, हे सांगणे मला आजही सुखाचे नाही. बाईंचे यजमान दीर्घकाळ अंथरुणावर होते. त्या दुखण्यात घरात होते नव्हते ते गेले. २०२१ आणि २०२२ या दोन सालांत त्यांनी सोसायटीचे एकही बिल भरले नाही. चोवीस बिले, अठ्ठेचाळीस हजार रुपये. यजमान गेले, आणि महिन्याभराने बाईंना माझ्या सहीचे पत्र गेले : मुद्दल अठ्ठेचाळीस हजार, व्याज अकरा हजार बावीस. त्या खाली ऑफिसात आल्या. कमिटीचे चौघे बसले होते. त्यांनी पत्र टेबलावर ठेवले आणि शांतपणे विचारले, "अहो खजिनदार, व्याजावर व्याज तर लावलं नाहीत ना? मला थोडं जास्त वाटतंय."

मी काय बोललो ते जसेच्या तसे लिहितो. मी म्हणालो, "बाई, अडतीस वर्षं हेच केलं आहे. तिसरीच्या पोरांना बेरजा शिकवण्याइतकं हे सोपं नसतं."

त्या काही बोलल्या नाहीत. मुदत ठेव मोडून त्यांनी आठ दिवसांत पै न् पै भरली. पावती घ्यायला शेजारच्या मुलाला पाठवले.

तर ते खाते मी प्रोग्रॅमला दिले. सांगकाम्याला नियम सांगायचा, तर नियम नेमका हवा. म्हणून सोसायटीच्या उपविधींचे पुस्तक काढले. मला वाटते, खजिनदार झाल्यापासून ते पान मी प्रथमच वाचीत होतो. थकबाकीवर द.सा.द.शे. २१, म्हणजे महिन्याला पावणेदोन टक्के. दोन हजारांवर महिन्याला पस्तीस रुपये. मी ओळी लिहिल्या. थकबाकी शून्य, एकूण व्याज शून्य, चोवीस फेऱ्या, प्रत्येक फेरीत थकबाकीत बिल मिळव, मग तिच्यावर व्याज काढ आणि एकूण व्याजात घाल. शेवटी छाप.

उत्तर : दहा हजार पाचशे.

माझ्या रजिस्टरात अकरा हजार बावीस. साहजिकच प्रोग्रॅम चुकला होता. रात्री नातीला सांगितले. ती म्हणाली, "प्रत्येक फेरीला काय होतंय ते छापून बघा." छापले. पहिल्याच महिन्याला पस्तीस रुपये व्याज! बिल आजच लागले आणि त्यावर आजच महिन्याचे व्याज? चूक उघड होती. दोन ओळींचा क्रम उलटा झाला होता. आधीच्या थकबाकीवर व्याज काढायचे आणि मग नवे बिल मिळवायचे. ओळी वरखाली केल्या. नुसत्या दोन ओळींची अदलाबदल. फरक पडला आठशे चाळीस रुपयांचा. माणसाला हे सांगावे लागत नाही. तो समजून घेतो. सांगकाम्या घेत नाही.

पण मौज पाहा. चूक सुधारल्यावर उत्तर माझ्या रजिस्टराच्या जवळ यायला हवे होते. ते दूर गेले. नऊ हजार सहाशे साठ.

तीन दिवस मी त्या यंत्रावर रागावून होतो. त्या सहा ओळी मी कागदावर उतरवल्या, बसस्टॉपवर वाचल्या, देवपूजेच्या वेळी मनात घोळवल्या. चूक सापडेना. चौथ्या दिवशी रजिस्टर आणि पडदा शेजारी शेजारी ठेवून एकेक महिना ताडू लागलो. पहिला महिना : इकडे शून्य, तिकडे शून्य. दुसरा : पस्तीस, पस्तीस. तिसरा : पडद्यावर सत्तर. रजिस्टरात सत्तर रुपये एकसष्ट पैसे.

एकसष्ट पैसे. ते कुठून आले हे कळायला मला अर्धा मिनिटही लागला नाही. ते पस्तीस रुपयांवरचे एका महिन्याचे व्याज होते. व्याजावरचे व्याज. उपविधींचे पान पुन्हा उघडले, 'द.सा.द.शे. २१' च्या आधीच एक शब्द होता, तो मी वाचून सोडून दिला होता. 'सरळव्याजाने'. बँकेच्या कर्जखात्यात व्याज बाकीत मिळते आणि पुढचे व्याज त्या एकूण बाकीवर धावते. हाताला ती सवय. 'मागील बाकी'च्या रकान्यात मी व्याजासकट रक्कम ओढीत गेलो होतो. चोवीस महिन्यांत त्या एकसष्ट पैशांचे एक हजार तीनशे बासष्ट रुपये झाले. ऑडिटरने त्या पानावर हिरव्या शाईने बरोबरची खूण केली होती.

खोटे कशाला सांगू, पहिला विचार आला तो लॅपटॉप मिटून पुन्हा माळ्यावर टाकण्याचा. अडीच वर्षे झाली होती. बाईंनी पैसे भरले होते, विषय संपला होता. पण रात्री साडेनऊला फोन वाजला आणि नातीने विचारले, "मग सापडलं का? कोण बरोबर, आजोबा?"

मी म्हणालो, "बाई."

"कुठल्या बाई?"

मग तिला सगळे सांगावे लागले. ती बराच वेळ गप्प होती. मग म्हणाली, "मग आता बाकीच्यांचं पण काढा ना." चौदाव्या वर्षी माणसे फार सरळ बोलतात.

अठ्ठावीसही खाती त्या सहा ओळींतून काढली. बाईंखेरीज आणखी तिघांकडून जादा घेतले होते. रकमा किरकोळ, सर्वांत मोठी दोनशेच्या आत. कमिटीपुढे मी लेखी पत्र ठेवले. एक सभासद म्हणाले, "कशाला उकरून काढता? कुणी विचारलं आहे का?" मी म्हणालो, "विचारलं होतं. याच खोलीत, तुमच्यासमोर." त्यावर कुणी बोलले नाही. तिघांना पुढच्या बिलात वळते करून द्यायचे ठरले. बाईंचा चेक निघाला.

गणपतीच्या आधीच्या रविवारी मी दुसऱ्या मजल्यावर गेलो. सौ. बरोबर येते म्हणाली. मी नको म्हटले. बाईंनी दार उघडले, क्षणभर पाहिले आणि बाजूला झाल्या. मी चेक दिला, पत्र दिले, आणि जे म्हणायचे ते म्हणालो. ते इथे लिहीत नाही. त्यांनी पत्र पुरे वाचले, चेक यजमानांच्या फोटोखाली ठेवला आणि विचारले, "इतक्या दिवसांनी हे कळलं कसं?"

मी खिशातून सहा ओळींचा कागद काढला. त्यांनी चष्मा लावला. मी समजावू लागलो, तर हाताने थांबवले. बोट ओळीखाली ठेवून त्या स्वतः वाचू लागल्या, पोरांची वही तपासावी तशा. "हे शून्यापासून का?" मी सांगितले. "म्हणजे आधी व्याज, मग बिल. बरोबर. पहिल्या महिन्याला काही नाही." पुढची ओळ. "आणि व्याज या रकान्यात येतच नाही, वेगळं राहतं. हेच मी म्हणत होते." मग त्या उठल्या, कपाटाच्या खणातून तांबडी पेन्सिल काढली आणि कागदावर चार ठिकाणी खुणा केल्या.

"थकबाकी," त्या म्हणाल्या. "की दीर्घ. तुम्ही सगळीकडे ऱ्हस्व लिहिली आहे."

खरेच होते. सांगकाम्याला काय? चारही ठिकाणी सारखेच अशुद्ध लिहिले होते, म्हणून त्याने हूं की चूं केले नव्हते. बाईंनी चहा केला. चहा पिताना त्यांनी विचारले, की ही भाषा शिकायला इंग्रजी फार लागते का. मी म्हणालो, दहा-बारा शब्द. बाकीची नावे मराठीत चालतात. त्या म्हणाल्या, "मंगळवारी दुपारी मला वेळ असतो."

घरी येऊन मी लॅपटॉप उघडला आणि वेलांट्या सुधारल्या. कळ दाबली. तांबडी अक्षरे! या नावाची ओळख नाही म्हणतो. शेवटची ओळ आधी वाचली. चौथ्या ओळीत एक की ऱ्हस्वच राहिली होती.